आठवड्याला एकच फोटो
फोटोग्राफी शिकायची असेल तर नव्या लेन्सआधी चार चोखंदळ मित्र शोधा! दर आठवड्याला प्रत्येकाने एकच फोटो दाखवायचा. तो निवडतानाच बरंचसं शिक्षण होतं. अभिप्राय मात्र नेमका हवा. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं? ट्रायपॉड लाव, शटर अर्धा सेकंद उघडं ठेव. उडणारे थेंब गोठवायचे तर १/१००० सेकंद. फ्रेमभर पांढरा बगळा राखाडी दिसतोय? कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरतो, म्हणून एक्स्पोजर +१ कर. असं कुणी सांगितलं की पुढचा फोटो खरोखर सुधारतो. आणि हो, सांगणाऱ्याचीही नजर तयार होते. मला तर हेच सर्वांत मोलाचं वाटतं. या रविवारी पावसाचा एक फोटो निवडा, मित्रांना दाखवा आणि त्यांचाही मागून घ्या.