घराचं रिनोव्हेशन? आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनरला पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा!

जुना फ्लॅट नवा करताना आपण आधी तोडफोड उरकतो आणि मग इंटिरियरवाल्याला बोलावतो. इथेच खर्च वाढतो.

🧱 लोडबेअरिंग इमारतीत ९ इंची भिंत स्लॅबचा भार पेलते. हॉल मोठा करण्यासाठी ती पाडायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला हवाच. आरसीसी इमारतीतही कॉलम-बीमला धक्का नको.

🔌 पलंग, कपाट, ओटा कुठे येणार हे प्लॅस्टरआधी ठरलं, तर स्विचबोर्ड कपाटामागे दडत नाही. एसीच्या ड्रेन पाइपलाही नीट उतार मिळतो.

📐 भिंती, वायरिंग, प्लंबिंग आणि फर्निचर एकमेकांशी जुळवलेले नकाशे हातात आल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या!