विनोदी मालिकांतलं घर कुणाचं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि दशक सरायच्या आत चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’तले आजोबाही प्रभावळकरच. १९८८ची ‘वागळे की दुनिया’ मला या सगळ्यांत जास्त राजकीय वाटते. आर. के. लक्ष्मण यांचा हा साधा कारकून सरकारी वाहिनीवरूनच सामान्य माणसाची रोजची ओढाताण दाखवत होता.

पण ही घरं पांढरपेशी. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी घरांनी ती आपुलकीने पाहिली. त्यांची बोली मात्र या मालिकांच्या नायकांच्या तोंडी आली नाही. वागळेंच्या मुंबईला शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये हंडे-कळश्यांची रांग लावून बायका टँकरची वाट बघतात. विनोदी मालिकेला याहून सकस विषय कुठला हवा? मराठी वाहिन्यांनी अशा एखाद्या पाड्यावरचं घर, तिथल्याच बोलीत, आता पडद्यावर आणावं.