क्षेत्रकार्यातील व्यक्तिचित्रे : प्रकाश आणि स्थळ

बोलीचा अभ्यासक निवेदकाचा आवाज ध्वनिमुद्रित करताना जितकी दक्षता घेतो, तितकी त्याचे छायाचित्र घेताना क्वचितच घेतो. ध्वनिमुद्रणापूर्वी पंखा बंद करणारा अभ्यासक भर दुपारी निवेदकास अंगणात उभे करून छायाचित्राचे काम उरकून टाकतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे आणि आठ्या पडलेले कपाळ, असा चेहरा मग संग्रहात कायमचा राहतो. हा दोष केवळ सौंदर्याचा नव्हे, पुराव्याचाही होय.

ह्या प्रश्नाचा विचार मानोरा तालुक्याच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरेल. वाशीम जिल्ह्यातील ह्या तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीस तेथे मोठी यात्रा भरते. ह्या समाजाच्या बोलीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) आहे. निरनिराळ्या प्रांतांतील बंजारा भाषक एकत्र येत असल्याने ही यात्रा अभ्यासकास मोलाची वाटते. तथापि छायाचित्रणाच्या दृष्टीने ती कठीण ऋतूत येते.

पूर्वेतिहास येथे विसरून चालत नाही. विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, अशी जोडणी छपाईत केलेली आहे. १८६८ ते १८७५ ह्या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ ह्या आठ खंडांत व्यक्ती बहुधा जमातीचा ‘नमुना’ म्हणूनच येते. एकीकडे स्थळ खोटे ठरते, दुसरीकडे व्यक्ती नाहीशी होते. ज्या समाजाची गणना महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते, त्याच्या बाबतीत हा वारसा अधिकच बोचणारा आहे; कारण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत चेहरा ‘नोंदविणे’ म्हणजे पाळत ठेवणे, असाच अर्थ अनेक जमातींच्या वाट्यास आला होता.

आता प्रकाशाचा विचार करू. मानोरा सुमारे २०.२ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. रामनवमीच्या सुमारास तो ७५ ते ८० अंशांपर्यंत चढतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो. अशा वेळी भुवयांची सावली डोळ्यांवर व नाकाची ओठांवर पडते. उलट सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत सूर्य ३० अंशांच्या खाली असल्याने प्रकाश चेहऱ्यावर बाजूने येतो. सूर्यास्तापूर्वीचे दोन तासही तसेच होत. मात्र तेव्हाही निवेदकाचे तोंड सूर्याकडे सरळ करू नये. डोळे मिचकावले जातात. त्यास किंचित वळवून बसवावे.

यात्रेच्या गर्दीत वेळ निवडता येत नाही. अशा वेळी स्थळ निवडावे. ओसरीच्या कडेपासून हात-दीड हात आत, तोंड उघड्या अंगणाकडे करून बसविल्यास वरचे ऊन अडते आणि आकाशाचा पसरट प्रकाश समोरून मिळतो. ही उघडी सावली उन्हाच्या सुमारे एक-अष्टमांश उजळ असते. आजच्या कॅमेऱ्यांस ती पुरेशी आहे. कडुनिंबाखालची विरळ सावली मात्र फसवी. पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग उमटवितात. वऱ्हाडातील काळी जमीन प्रकाश फारसा परत फेकत नाही, म्हणून हनुवटीखालची छाया गडद राहते. मांडीशी धुतलेले पांढरे धोतर अंथरले, किंवा चुन्याने पोतलेल्या भिंतीसमोर निवेदकास बसविले, तरी ती निवळते.

बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक वेशातील आरसे हा स्वतंत्र प्रश्न आहे. थेट उन्हात ते लखलखतात. त्या उजेडावरून कॅमेरा प्रकाशमान ठरवितो व चेहरा काळवंडतो. म्हणून मापन चेहऱ्यावरूनच करावे. सावलीतील प्रकाश निळसर असल्याने वेशातील लाल रंग बदललेला दिसतो. पहिल्या चित्रात एक पांढरा कागद धरल्यास रंग पुढे दुरुस्त करता येतो.

अंतराचेही भान हवे. फुटा-दीड फुटावरून टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे व कान लहान दिसतात. पाच-सहा फुटांवरून प्रमाण राखले जाते. पार्श्वभूमी निवेदकाने स्वतः निवडणे इष्ट. कोणी तांड्यातील आपले घर निवडील, कोणी शाळेची पायरी. ती निवड हीसुद्धा नोंदच होय. पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आपले चित्र संग्रहालयात पाहणारा प्रेक्षक आता निवेदकाच्याच घरातील असू शकतो, ही जाणीव अभ्यासकास असली पाहिजे.

सारांश, चित्र घेण्यापूर्वी संमती घ्यावी, घेतल्यावर ते निवेदकास दाखवावे आणि त्यास मान्य असल्यास त्याच्या नावासह, स्थळ व वेळ लिहून जतन करावे. आवाजाच्या नोंदीस जी शिस्त लागते तीच येथे लागते. फरक इतकाच की आवाजातील दोष अभ्यासकास सलतो आणि चेहऱ्यातील दोष त्या माणसास.