दारात मिनी पोकलेन घ्यावी का?

वाशिम जिल्ह्यात माती उकरणाऱ्या कुठल्याही पिवळ्या यंत्राला लोक जेसीबी म्हणतात आणि साखळीवर चालणाऱ्याला पोकलेन. दोन्ही मुळात कंपन्यांची नावे. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरे, त्याने १९४५ साली कारखाना काढला. पोकलेन ही फ्रेंच कंपनी. आता या भाषेत एक तिसरा शब्द आला आहे, 'मिनी'. गेल्या काही वर्षांत समृद्धी महामार्गाच्या कामामुळे कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतल्या लोकांची नजर मशीनला चांगलीच सरावली. घर बांधायला निघालेला, चार एकर वावर असलेला माणूस हल्ली विचारतो, भाड्यात पैसे घालण्यापेक्षा छोटी मशीन आपलीच घेतली तर?

मिनी म्हणजे केवढी

वजन सहा टनांच्या आत असले की ती मिनी. घरमालकाच्या डोळ्यांसमोर असते ती पावणेदोन-दोन टनांची. तिच्या बकेटमध्ये एका वेळी ४०-५० लिटर माती मावते, म्हणजे तीन-चार घमेली. नेहमीच्या जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये याच्या पाच-सहा पट माती येते. साध्या मातीत मिनी तासाला सहा-सात घनमीटर खोदते असे धरून चालू. ब्रासमध्ये सांगायचे तर दोन ते अडीच ब्रास, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. मुरूम लागला की हा वेग घटतो आणि खाली काळा दगड लागला तर ही मशीन दात घासत बसते.

घराला लागते किती

वाशिमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. हजार चौरस फुटांच्या घराला कॉलमचे बारा खड्डे धरा, प्रत्येक चार बाय चार फूट आणि पाच फूट खोल. माती निघेल ९६० घनफूट, साडेनऊ ब्रासच्या वर. मिनीला चार तास. आठ बाय पाच बाय सहा फुटांची सेप्टिक टाकी एका तासात होते, शोषखड्ड्यालाही तेवढाच वेळ. कंपाउंडची दीडशे फूट नाली दोन तासांत निघेल. विहिरीपासून घरापर्यंत किंवा वावरापर्यंत पाइप न्यायचा असेल तर ५०० मीटर लांब, एक फूट रुंद आणि अडीच फूट खोल नालीला सोळा-सतरा तास मोजा.

सगळी बेरीज पंचवीस तासांपर्यंत जाते. मशीन हलवणे, गवंड्याची वाट पाहणे धरून तीस. माणूस घर एकदा बांधतो, फार तर दोनदा.

हिशेब कागदावर

भाव मॉडेलप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतात, म्हणून खालचे आकडे केवळ नमुना समजा आणि त्या जागी आपले घाला.

मशीन १५ लाखांना पडली. तीन लाख खिशातून दिले, १२ लाख कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत चार वर्षे. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ३१,६००. आता भाड्याचा दर तासाला १,००० रुपये धरा, डिझेल आणि ऑपरेटरसकट. घराचे तीस तास म्हणजे ३०,०००. अख्ख्या घराचे खोदकाम एका हप्त्याच्या आत बसले, आणि असे हप्ते ४८ आहेत.

यावर उत्तर ठरलेले असते: उरलेला वेळ भाड्याने देऊ. ठीक, तोही हिशेब मांडू. पाच वर्षांनी मशीन निम्म्या किमतीला गेली तर वर्षाची घट दीड लाख. कर्जावरचे एकूण व्याज तीन लाखांच्या वर जाते, ते पाच वर्षांत वाटले तर दरवर्षी ६३,०००. विमा, सर्व्हिसिंग आणि आपल्या तीन लाखांवर बँकेत मिळाले असते ते व्याज मिळून आणखी ५० हजार. मशीन चिंचेखाली उभी राहिली तरी वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार जातातच. ती चालली की तासाला अडीच लिटर डिझेल, ऑपरेटरची मजुरी, ग्रीस, ऑइल, बकेटचे दात आणि साखळीची झीज यांचे मिळून ४८० रुपये होतात. हजारातून ते वजा केले तर ५२० उरतात. २ लाख ६० हजारांना ५२० ने भागा: ५०० तास. एवढी मशीन वर्षभरात चालली तर मालकाचे फक्त भागते, नफा त्यापुढे.

शंभरच तास चालली तर तोच तास ३,०८० रुपयांना पडतो. मग शेजाऱ्याची मशीन हजारात बोलावलेली काय वाईट?

दोन महिन्यांची घाई

५०० तास ऐकायला फार वाटत नाहीत. दिवसाला आठ तास धरले तर साठ-पासष्ट दिवस. अडचण कॅलेंडरची आहे. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत साखळी रुतते आणि वावरात सोयाबीन, तूर उभी असते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघाले की हरभऱ्याची तयारी सुरू होते. रान मोकळे होते ते मार्च-एप्रिलपासून मृगापर्यंत. घराचा पाया, धुऱ्याची नाली, वावराचे सपाटीकरण, सगळे याच दिवसांत निघते. तेव्हा तुमच्या मशीनला मागणी असेल हे खरे, पण बाकीच्या मशीनही तेव्हाच रस्त्यावर असतात.

आणि उधारी! गावातल्या माणसाकडे भाड्याचे पैसे मागायला आपला आवाज बसतो. 'सोयाबीन विकलं की देतो' हे वाक्य ऐकल्यावर बँकेचा हप्ता थांबत नाही. माझ्या मते या धंद्यात डिझेलपेक्षा उधारीने जास्त मशीन बसवल्या असतील.

शेततळ्याचा मोह

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली, तेव्हापासून शेततळे हा मशीन घेण्याचा आवडता युक्तिवाद झाला आहे. योजनेतले मोठे तळे ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना उतार धरून त्यातून २,१९६ घनमीटर माती निघते. तासाला सात घनमीटरने मिनीला ३१३ तास लागतील, रोज आठ तास चालवली तरी जवळपास चाळीस दिवस. शिवाय तळाची माती वर बांधावर टाकायला तिचा हात पुरत नाही. हे काम मोठ्या पोकलेनचेच. तलावातला गाळ काढण्याचेही तसेच. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत मशीन दुसऱ्याची येते, शेतकऱ्याने गाळ वाहून न्यायचा असतो. तिथे मिनीला कोणी विचारत नाही.

गल्लीतले काम

तिची खरी जागा आहे गल्ली. कारंजा लाडची दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि त्यांच्या आतले बोळ डोळ्यांसमोर आणा. सव्वादोन मीटर रुंदीची जेसीबी तिथे वळत नाही. लहान मिनी साखळी आत ओढून घेतल्यावर जेमतेम मीटरभर रुंद राहते. जुन्या वाड्याच्या फाटकातून ती परसात शिरते, भिंतीला धक्का न लावता टाकीचा खड्डा करते. वाशिम शहरातल्या जुन्या वस्तीतही हेच. अशी कामे मजुरांकडून करवली तर आठवडा जातो, म्हणून इथे मशीनवाल्याला जरा वरचा दरही मिळतो.

कागद आणि तहसील

लोखंडी साखळीची मशीन डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही, ती ट्रेलरवर न्यावी लागते. तो खर्चही धरा. किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि घरगुती खरेदीदाराला तो परत मिळत नाही. आपल्या प्लॉटची माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर ते गौण खनिजाचे उत्खनन ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण परवानगीशिवाय मुरूम काढून विकला तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि मशीनही जप्त होते. 'रात्रीच्या दोन खेपा' सांगायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवा.

मग कोणी घ्यावी

जो स्वतः लिव्हरवर बसेल, ज्याच्याकडे दोन-तीन बांधकाम ठेकेदारांचे किंवा नळाच्या पाइपलाइनचे बारमाही काम ठरलेले आहे आणि जो कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढवणार नाही, त्याने घ्यावी. ट्रॅक्टर आधीच असेल तर त्याला मागे जोडायची खोदाईची बकेट आधी बघावी. जुनी मशीन घेताना तासांच्या मीटरवर विसंबू नका. पिन-बुशमधला ढिलेपणा हाताने हलवून पाहा आणि फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.

दारात पिवळी मशीन उभी असली की पाहुण्यांत वजन वाढते, हे मला मान्य आहे. पण केवळ आपल्या घरासाठी मशीन विकत घेणे म्हणजे ३०,००० च्या कामाला १५ लाख गुंतवणे. भाड्याने बोलावा. दर डिझेलसकट आहे की वेगळा, येण्याजाण्याचा वेळ तासात धरणार की नाही, हे आधीच ठरवून घ्या. आणि मशीनवाल्याला होळीच्या आधी गाठा. अक्षय तृतीयेनंतर तो तुमचा फोन उचलणार नाही.