परमिट रूम : एका पाटीमागील कायदा आणि समाज

प्रस्तावना :
मुंबईतील असंख्य उपाहारगृहांच्या पाटीवर 'बार अँड रेस्टॉरंट' या शब्दांखाली 'परमिट रूम' अशी अक्षरे आढळतात. मद्यपानाची जागा 'परवान्याची खोली' म्हणून का ओळखली जावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या नावामागे दारूबंदीचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा व त्यातून निर्माण झालेल्या विसंगतीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. या धोरणाचे पुरस्कर्ते मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे स्वतः पारशी होते. तथापि मद्यव्यवसायात मोठा वाटा असलेल्या पारशी समाजातूनच त्यास तीव्र विरोध झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला. स्वातंत्र्यानंतर 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' संमत झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नेही दारूबंदीस मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान दिले. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. परंतु त्याचा गाभा वैध मानला.

परवान्याची रचना :
या कायद्यानुसार मद्यपान निषिद्ध हा नियम असून परवाना हा अपवाद होय. प्रारंभी वैद्यकीय कारणास्तव व परदेशी व्यक्तींना असे परवाने मिळत. सामान्य माणसाला मात्र हे दार बंद होते. परिणामी हातभट्टीचा धंदा फोफावला. वांद्रे, गिरगाव यांसारख्या भागांत ख्रिस्ती स्त्रिया घरच्या खोलीत गुपचूप दारू विकू लागल्या. 'आंटीचा अड्डा' हा शब्द मुंबईच्या बोलीत त्यातूनच रुळला. १९६० च्या दशकात, वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, परवान्याच्या अटी शिथिल झाल्या. कायदा मात्र रद्द झाला नाही. परवानाधारकास बसून पिता यावे अशी अधिकृत जागा, ती परमिट रूम.

सामाजिक स्वरूप :
परमिट रूममध्ये गिरणी कामगार, कारकून, पत्रकार असे भिन्न स्तर एका छताखाली आले. मंद प्रकाश, चखण्याला शेंगदाणे किंवा उकडलेली अंडी, 'क्वार्टर'च्या मापाचा हिशेब आणि वातानुकूलित भागाचा चढा दर ही तिची ओळखीची लक्षणे होत. अनेक ठिकाणी व्यवसायाची सूत्रे तुळुनाडूतून आलेल्या शेट्टी मंडळींकडे आहेत. कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या मागील 'गोकुळ' हे या परंपरेतील परिचित नाव, तर जवळच्या 'कॅफे मोंडेगार'च्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. स्त्रियांना मात्र या जागेत दीर्घकाळ सहज प्रवेश नव्हता. 'फॅमिली रूम' ही स्वतंत्र पाटी त्याचीच साक्ष देते.

विसंगती :
एक दिवसाचा, वर्षाचा व आजीवन असे परवाने आजही अस्तित्वात आहेत. प्रत्यक्षात टेबलाशी परवाना क्वचितच विचारला जातो. त्यामुळे विनापरवाना पिणारा ग्राहक कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरतो. व्यवहारात तो राज्याच्या उत्पादन शुल्काचा आधार असतो. जो नियम सर्वांकडून मोडला जातो, तो कोणाविरुद्ध वापरावा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते, हा यातील खरा धोका होय.

समारोप :
१९६० च्या विभाजनानंतर एकाच अधिनियमाचे दोन मार्ग झाले. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने परवान्याची वाट रुंद केली. दुसरीकडे, गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया 'आडव्या बाटली'ला मतदान करतात, तेव्हा दारूबंदीमागील मूळ वेदना जिवंत असल्याचे दिसते. कायद्याने या वेदनेला उत्तर द्यावयाचे, की केवळ पाटीवर एक शब्द ठेवावयाचा, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.