काझीरंगा : पुराने राखलेले रान

आसामातील काझीरंगा पाहून आलेला प्रवासी गेंड्याचेच वर्णन करीत बसतो. एकशिंगी गेंडा हे तिथले वैभव आहेच. १९०५ साली या रानाच्या संरक्षणाचा विचार सुरू झाला, तेव्हा जेमतेम डझनभर गेंडे उरले होते, असे सांगतात. २०२२ च्या गणतीत ते २,६१३ भरले. पण हे रान टिकते कशावर, हा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना अधिक मोलाचा वाटतो.

ते टिकते पुरावर. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा पात्राबाहेर येते आणि उद्यानाचा बराच भाग पाण्याखाली जातो. हे पाणी सुपीक गाळ आणते, ‘बील’ म्हणजे तिथली तळी भरते आणि त्यांत माजलेली जलपर्णी वाहून नेते. गाळावर पुरुषभर उंचीचे गवत वाढते, त्यावर गेंडा जगतो. पूर येणेच थांबले तर तळी आटतील, गवताच्या जागी झाडी माजेल.

पण तोच पूर जीवही घेतो. २०२४ च्या जुलैत दोनशेहून अधिक जनावरे दगावली. पाणी चढले की जनावरे दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे धावतात आणि मध्ये महामार्ग आडवा येतो. अशा वेळी मोटारींना वेळ नोंदलेले कार्ड देतात. दुसऱ्या टोकाला फार लवकर पोचला, तो वेगाने आला असे ठरते आणि त्याला दंड होतो. गिरणीत उशिरा येणाऱ्याचा दंड आम्ही जन्मभर पाहिला. लवकर पोचल्याचा हा दंड मात्र मनापासून पटला.

आणि रान टिकते माणसांवर. पुरातही वनरक्षक चौक्यांवर राहतात, नावेतून गस्त घालतात. चोरटे शिकारी ज्या शिंगासाठी येतात, ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते! २०२२ साली आसामात एकही गेंडा शिकाऱ्यांच्या हातून मेला नाही. त्या यशात तात्पुरत्या नेमणुकीवर राबणाऱ्यांचाही वाटा आहे.

तेव्हा श्रोतेहो, नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये अवश्य जावे. कोहोरा किंवा बागोरीहून जीपने निघावे, गेंडा डोळे भरून पाहावा. मग वनरक्षकाला दोन गोष्टी विचाराव्यात : यंदा चौकीत पाणी कुठवर चढले होते, आणि तुमची नोकरी कायम झाली का?