मन खचते तेव्हा पायही थांबतात

चाळिशी उलटली की डॉक्टर सांगतात, "रोज चालत जा." मग नवे बूट येतात, चार दिवस पहाटे उठणे होते आणि पाचव्या दिवशी सारे बंद पडते. याला आळस म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा त्याचे मूळ वीस वर्षे मागे, तरुणपणच्या मनात असते.

अठरा ते पंचवीस ही वर्षे शरीराने बळाची, पण मनाने नाजूक. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की आयुष्यात होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. नेमक्या याच वयात शाळेचे मैदान सुटते आणि व्यायामाची सवय स्वतःच्या हिमतीवर टिकवावी लागते.

खिन्नतेच्या आजारात झोप बिघडते, थोड्या श्रमाने थकवा येतो, आवडत्या गोष्टीतही रस उरत नाही. फुटबॉल खेळणारा मुलगा मैदान टाळू लागतो. सोबती तुटतात, हालचाल घटते आणि त्यामुळे मन आणखी खचते. पुढे आजार ओसरला, तरी बसून राहण्याची सवय मागे उरू शकते. मग मधुमेह आणि रक्तदाब यांना वाट मोकळी होते.

बैल जू घेईना, तर जाणता शेतकरी आधी त्याचा खांदा पाहतो. चाबूक उगारीत नाही. घरातला तरुण अंथरुणातून उठत नसेल, तर त्याला बोल लावण्यापूर्वी त्याच्या मनाची विचारपूस करावी.

यावर उपाय आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ खिन्न रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली. सूत्र साधे होते: उत्साह येण्याची वाट न पाहता, मनाला बरे वाटेल असे छोटे काम ठरवून करावे. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्णांची खिन्नता ओसरली होती. नेहमीच्या उपचारावरील रुग्णांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

घरी करण्याजोगे एवढे:

१. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते; तिथवर सावकाश पोहोचावे. शेतातले कामही यात धरले जाते.

२. वेळ ठरलेली असावी आणि सोबतीला कोणीतरी असावे. "जा, फिरून ये" म्हणण्यापेक्षा "चल, मीही येतो" हे अधिक उपयोगी पडते.

३. एखादा दिवस चुकला, तर दोष न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे.

४. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, तर डॉक्टरांकडे जावे. चालू असलेली औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

पन्नाशीत आपला मुलगा चालता-फिरता राहावा असे वाटत असेल, तर त्याच्या विशीत त्याचे मन ऐकून घ्यावे.